पोलादाचा धूर : पकडला किती, सुटला किती?

मेसमधलं ताट, रूममधली कॉट, खिडकीचे गज, वर्कशॉपमधला व्हाइस आणि फर्स्ट इयरला फायलिंग करून करून ज्याने आपल्या सगळ्यांच्या हाताला फोड आणले तो माइल्ड स्टीलचा तुकडा. मित्रमैत्रिणींनो, आपला दिवस उगवतो लोखंडात आणि मावळतोही लोखंडातच. २०२४ साली भारतात सुमारे १५ कोटी टन पोलाद तयार झालं. म्हणजे माणशी १०० किलोच्या वर! चीननंतर जगात आपला दुसरा नंबर आहे, आणि तो २०१८ पासून आहे.

या १५ कोटी टनांबरोबर हवेत काय काय गेलं, हा प्रश्न आपल्या परीक्षेत चार मार्कांना येतो. 'एक्स्प्लेन एनी टू एअर पोल्यूशन कंट्रोल डिव्हाइसेस.' आपण सायक्लोन आणि ईएसपीची आकृती काढतो, बाजूला 'एफिशियन्सी ९९ टक्के' असं लिहितो, खाली पेन्सिलीने एक रेघ मारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मला आज त्या ९९ बद्दलच लिहायचं आहे.

आधी थोडं प्रोसेसबद्दल. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ब्लास्ट फर्नेसला मराठीत 'झोतभट्टी' म्हणतात हे मला माझ्या मराठी मीडियमच्या रूममेटने सांगितलं. शब्द ऐकताक्षणी आवडला. खालून गरम हवेचा झोत आणि वरून लोहखनिज, कोक, चुनखडी. सगळी भट्टी एका शब्दात आली! पण गंमत अशी की मोठ्या कारखान्यात धूर म्हटल्यावर आपण ज्या झोतभट्टीकडे बोट दाखवतो, ती स्वतः तितकीशी गुन्हेगार नाही. तिच्या तोंडातून निघणारा वायू म्हणजे फुकटचं इंधन. त्यात वीस-पंचवीस टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे कारखाना तो जपून गोळा करतो, धुतो आणि जाळायला वापरतो. खरी घाण होते ती भट्टीच्या आधी, खनिज आणि कोळसा तिच्या पोटात जाण्यालायक करताना.

खनिजाचा बारीक चुरा तसाच भट्टीत टाकला तर झोताची वाटच बंद होईल. म्हणून तो कोकच्या भुकटीत मिसळून, भाजून त्याचे गड्डे करतात. हा सिंटर प्लांट. एकात्मिक कारखान्यात चिमणीवाटे जाणारी धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि डायॉक्सिन यांचा मोठा वाटा इथला असतो.

दुसरं ठिकाण कोक ओव्हन. इथे जरा थांबायला हवं, कारण पुस्तकात याला अर्धं पान आहे आणि तिथे काम करणाऱ्यांचं आयुष्य त्यात जातं. दगडी कोळसा हवाबंद कप्प्यांत १००० ते ११०० अंशांवर सोळा-वीस तास तापवला की त्यातले वायू आणि डांबर निघून जातं आणि कोक उरतो. 'हवाबंद' हा शब्द पुस्तकातला. प्रत्यक्षात वरून कोळसा ओतताना झाकण उघडतं, पुढची-मागची दारं तापून वाकतात आणि फटीतून पिवळट धूर झिरपतो, लाल कोक बाहेर ढकलताना ढग उठतो, आणि त्यावर पाणी मारलं की वाफेबरोबर धूळ वर जाते. या धुरात बेंझीन आणि बेंझो-ए-पायरीन असतात, दोन्ही कॅन्सर करणारे. अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या पोलाद कामगारांचा मोठा अभ्यास झाला होता. १९७१ साली त्यातून असं दिसलं की कोक ओव्हनच्या छतावर पाच वर्षं किंवा जास्त पूर्णवेळ काम केलेल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण इतर पोलाद कामगारांच्या सुमारे दहापट होतं. कारखाना तोच, कंपनी तीच, फक्त उभं राहायची जागा वेगळी.

तिसरं पोलाद बनवण्याचं कन्व्हर्टर. लिंझ आणि डोनाविट्झ या ऑस्ट्रियातल्या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून त्याला एलडी म्हणतात. (व्हायव्हाला हे विचारतात, लक्षात ठेवा.) वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकला की तांबूस-तपकिरी धूर येतो. तो धूर म्हणजे लोखंडाचा गंजच, पण इतका बारीक की बरेचसे कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना करा.

आता धूळ पकडायची साधनं. सायक्लोन म्हणजे उलटं पाखडणं. आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा जड दाणे राहतात आणि कोंडा उडून जातो. सायक्लोनमध्येही जाड धूळ भिंतीला आपटून खाली पडते, आणि जी बारीक धूळ थेट छातीत खोलवर जाते ती मात्र कोंड्यासारखी उडून जाते. त्यामुळे नुसता सायक्लोन लावून समाधान मानणं म्हणजे दाणे वाचवून कोंडा शेजाऱ्याच्या घरात उडवण्यासारखं आहे. बॅग फिल्टर म्हणजे आपलं वस्त्रगाळ. कापडाच्या लांब पिशव्या, त्यातून वायू गाळायचा आणि मधूनमधून हवेचा झटका देऊन पिशवी झटकायची. हे साधन उत्तम, पण कापड ते कापडच. साधं पॉलिएस्टर १३० अंशांच्या आसपास हात टेकतं. काचतंतूचं २५० पर्यंत जातं, पण महाग.

ईएसपीत कापड नाही. तारांवर चाळीस-पन्नास हजार व्होल्टचा डीसी, त्याने धुळीचे कण चार्ज होतात आणि बाजूच्या पत्र्यांना चिकटतात. पत्र्यांवर हातोडी पडली की धूळ खालच्या हॉपरमध्ये. मोठ्या ईएसपीत असे तीन-चार भाग एकामागे एक असतात, त्यांना फील्ड म्हणतात.

इथे वही-पेन घ्या. समजा तीन फील्ड आहेत आणि प्रत्येक फील्ड आत आलेल्यापैकी ९० टक्के धूळ पकडतं. पहिल्यातून १० टक्के पुढे जाते, दुसऱ्यातून १, तिसऱ्यातून ०.१. एकूण एफिशियन्सी ९९.९. आता एक फील्ड बंद पडलं. तार तुटली किंवा हॉपर भरून शॉर्ट झालं, हे नेहमी होतं. एफिशियन्सी किती? ९९. लॉगबुकमध्ये ९९.९ च्या जागी ९९ दिसतात आणि शिफ्टवरचा माणूस म्हणतो, 'काय फरक पडतो, पॉइंट नऊ तर कमी झालं!' पण चिमणीतून आधी ०.१ टक्का जात होतं, आता १ टक्का जातंय. म्हणजे दहापट! गावाला एफिशियन्सी मिळत नाही, गावाला उरलेलं मिळतं. आणि ९९ वरून परत ९९.९ वर न्यायला डॉइश-अँडरसनच्या सूत्राप्रमाणे पत्र्यांचं क्षेत्रफळ दीडपट लागतं. हे आपण सिक्स मार्क्सला सोडवलेलं गणित आहे. मला त्याचा अर्थ ट्रेनिंगला गेल्यावर लागला.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी चंद्रपूर जिल्ह्यात मामाकडे राहून एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात तीन आठवडे ट्रेनिंग केलं. (कारखान्याचं नाव सांगत नाही.) स्पंज आयर्न हा आपल्या देशाचा खास प्रकार. जगात सर्वांत जास्त ते भारतात बनतं, आणि बहुतेक कोळशावर. सत्तर-ऐंशी मीटर लांबीची, किंचित कललेली नळी सावकाश फिरत असते. एका तोंडातून खनिज, साधा कोळसा आणि डोलोमाइट आत, दुसऱ्या तोंडातून स्पंज आयर्न आणि राखाडी चार बाहेर. न वितळताच खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायचा. कोकची गरज नाही, भांडवल कमी, म्हणून कोळसा आणि खनिजाच्या पट्ट्यात हे कारखाने पटापट उभे राहिले. चंद्रपूरचं नाव २००९ च्या केंद्रीय यादीत 'अतिप्रदूषित' क्षेत्रांमध्ये होतं. दोष एकट्या स्पंज आयर्नचा नाही, तिथे औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, खाणी सगळंच आहे.

मामाच्या घरी रोज रात्री एक कार्यक्रम असे. जेवणं झाली, टीव्ही बंद झाला की मामी म्हणायची, "खिडकी लावून घे नं बाई, बारा वाजून राहिले. सकाळी ओट्यावर काळंच काळं दिसते मग." मे महिना, चंद्रपूरचं ऊन, आणि रात्री खिडक्या बंद! मी तिसऱ्या दिवशी गच्चीवर गेले. दिवसा पांढरी रेघ सोडणारी चिमणी शांत होती आणि तिच्या अलीकडच्या एका बुटक्या धुराड्यातून काळा लोट निघत होता.

ते बुटकं धुराडं काय असतं ते मी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटर काकांना विचारलं. किल्नमधून येणारा वायू आधी आफ्टर बर्निंग चेंबरमध्ये जातो. तिथे उरलेला कार्बन मोनॉक्साइड जळतो, मग वायू थंड करतात, मग ईएसपी, मग पंखा, मग मोठी चिमणी. चेंबरच्या डोक्यावर एक झाकण असतं, सेफ्टी कॅप. ते आवश्यक आहे, हे आधी नीट सांगते. पंखा बंद पडला किंवा वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला तर तो ईएसपीत शिरू देणं म्हणजे ठिणग्यांच्या खोलीत गॅस सोडणं. स्फोट होऊन माणसं मरतील. अशा वेळी झाकण उघडलंच पाहिजे. प्रश्न असा की ते किती वेळा उघडतं, किती वेळ उघडं राहतं, आणि नेमकं रात्रीच का उघडतं! काका हसले आणि म्हणाले, "रात्री धूर दिसत नाही ना मॅडम."

झाकण उघडलं की ईएसपीच्या वाटेला काहीच येत नाही. किती नुकसान? समजा दिवसाला १०० टनांची किल्न आहे, वायू तासाला २५,००० घनमीटर, आणि ईएसपीच्या आधी दर घनमीटरला २० ग्रॅम धूळ. एका तासात ५०० किलो. कोळशावरच्या स्पंज आयर्न किल्नसाठी २००८ च्या केंद्रीय नियमाची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेत चालली तर तीच किल्न तासाला अडीच किलो सोडेल. म्हणजे झाकण एक तास उघडं राहिलं की कायद्याने दोनशे तासांत, आठ दिवसांहून जास्त काळात, सोडायला परवानगी असलेली धूळ एका तासात गेली. रोज रात्री एक तास उघडलं, तर दिवसा ईएसपी ९९ टक्के काय, १०० टक्के चालली तरी हिशेब जुळत नाही.

इथे आपल्यापैकी कुणीतरी म्हणेलच, धुळीने एवढं काय होतं, आमच्या गावाकडे धूळच असते. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या युटा राज्यात सापडलं, कारण तिथे योगायोगाने एक प्रयोगच होऊन गेला. युटा व्हॅली म्हणजे डोंगरांनी वेढलेलं खोरं. हिवाळ्यात थंड हवा खाली अडकते आणि तिच्याबरोबर धूरही. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला जिनिव्हा स्टील हा कारखाना होता. कामगार आणि मालकांच्या वादात तो १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. जवळच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतले आर्डेन पोप यांनी हॉस्पिटलांची रजिस्टरं काढून तीन हिवाळे शेजारी शेजारी मांडले : आधीचा, बंदचा आणि नंतरचा. पोप डॉक्टर नव्हेत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक! १९८९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. शाळेत जायच्या वयाआधीची मुलं ब्राँकायटिस आणि दम्यासाठी अॅडमिट होण्याचं प्रमाण कारखाना चालू असताना बंदच्या तुलनेत साधारण दुप्पट होतं. त्या खोऱ्यात सिगारेट ओढणारे फार थोडे, त्यामुळे दोष तिकडे ढकलता येईना.

पुढे याहून विलक्षण गोष्ट झाली. हवा मोजण्यासाठी वापरलेले त्या वर्षांचे फिल्टर पेपर कुणीतरी जपून ठेवले होते. शास्त्रज्ञांनी त्यातली धूळ काढून तिचा अर्क स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत अगदी थोड्या प्रमाणात सोडला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, कारखाना चालू असतानाच्या धुळीने फुफ्फुसाला जास्त सूज आली, बंदच्या वर्षातल्या धुळीने कमी. वजन सारखं घेतलं तरी! म्हणजे धूळ-धूळ सारखी नसते. कारखान्याच्या धुळीत लोखंड, तांबं, जस्त असे धातू होते आणि संशय त्यांच्यावर गेला.

मग उपाय काय? उपकरणं नाहीत असं अजिबात नाही. मला जे वाचून आणि बघून वाटलं ते असं : जिथे धूर पकडल्याने पैसे मिळतात तिथे तो आपोआप पकडला जातो. ज्या स्पंज आयर्न कारखान्यात किल्नच्या गरम वायूवर बॉयलर बसवून वीज करतात, तिथे १०० टनांच्या किल्नमागे साधारण २ मेगावॅट मिळते. झाकण तासभर उघडलं की २,००० युनिट गेली. मालक स्वतः फोन करून विचारेल! कोकवर पाणी ओतण्याऐवजी बंद खोलीत नायट्रोजन फिरवून तो थंड केला, तर धुळीचा ढगही नाही आणि उष्णतेवर वाफ आणि वीजही मिळते. विशाखापट्टणमच्या कारखान्यात ही ड्राय क्वेंचिंगची सोय सुरुवातीपासूनच केलेली आहे. झोतभट्टीच्या वायूचा दाब टर्बाइनवर सोडून वीज काढतात, तीही त्यातलीच.

जिथे पैसे मिळत नाहीत तिथे नियम लागतो, आणि तो माणसाच्या मर्जीवर न ठेवता वायरिंगमध्ये घालावा लागतो. ईएसपी बंद झाली की किल्नचा फीड आपोआप बंद व्हावा, असं इंटरलॉक. ईएसपीला वेगळं वीज मीटर, म्हणजे रात्रीचं युनिट दिवसाइतकं पडलं का ते कळतं. मीटरला रात्रीही दिसतं. केंद्रीय मंडळाने २०१४ साली लोखंड-पोलादासह १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली, ते चांगलंच झालं. पण यंत्र मोठ्या चिमणीवर आणि धूर बुटक्या धुराड्यातून, तर स्क्रीनवर सगळं हिरवं दिसणार! झाकणावरच एक साधा लिमिट स्विच लावून त्याचा सिग्नल त्याच सर्व्हरवर पाठवला तर? आपल्या लॅबमध्ये बसलेला कुणीही हे एका दुपारी करेल.

अगदीच न परवडणारी जागा म्हणजे इंडक्शन फर्नेस. जालन्याला सळई करणारे जे कारखाने आहेत त्यांचा जीव यात आहे. भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवायचं. कोळसा नाही, कोक नाही, त्यामुळे वरवर स्वच्छ. पण भट्टी वरून उघडी. भंगाराबरोबर रंग, तेल, रबर, गॅल्व्हनाइज्ड पत्रा येतो. जस्त लोखंडाच्या कितीतरी आधी उकळतं आणि पांढऱ्या धुरासारखं वर येतं. हा धूर चिमणीत जातच नाही, शेडच्या छपरातून बाहेर पडतो. क्रेनने भंगार टाकायचं असल्यामुळे डोक्यावर हूड ठेवला तर मध्ये येतो. म्हणून बाजूने खेचणारा किंवा बाजूला सरकणारा हूड आणि पुढे बॅग फिल्टर, असं करावं लागतं. आणि त्याहून स्वस्त म्हणजे भंगार आधी निवडून घेणं, तांदूळ निवडतो तसं.

कार्बन डायऑक्साइडबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर सेमिनार बरेच झालेत. झोतभट्टीच्या मार्गाने एका टन पोलादामागे सव्वादोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, भंगाराच्या मार्गाने जागतिक सरासरीने ०.७ टन. कोळशाऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन काढला तर फक्त पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पाने असं स्पंज आयर्न तयार केलं आणि त्यापासूनचं पोलाद २०२१ साली व्होल्वोला दिलं. पण हिशेब आपल्या देशात मांडून बघा. ११२ ग्रॅम लोखंडाला ६ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे टनाला ५४ किलो. एक किलो हायड्रोजनला पाण्यापासून बनवायला सुमारे ५० युनिट, एकूण २,७०० युनिट. वितळवायला आणखी ५०० धरा. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. झाले सव्वादोन टन! स्वीडनकडे जलविद्युत, अणुवीज आणि वारा आहे, म्हणून त्यांना ते जमतं. आपल्याकडे ते सौर आणि पवन विजेवरच सुरू करावं लागेल. आणि खनिज फोडताना, ट्रकमधून नेताना उडणारी धूळ हायड्रोजनने एका ग्रॅमनेही कमी होणार नाही, तिला पाणी आणि झाकलेले कन्व्हेयरच हवेत.

यंदा टी.ई.च्या सुट्टीत पुष्कळ जण अशा कारखान्यांत ट्रेनिंगला जाणार आहेत. गेलात तर ईएसपीची एफिशियन्सी विचारू नका, ती सगळीकडे ९९ च असते. किती फील्ड आहेत आणि आज किती चालू आहेत ते विचारा. सेफ्टी कॅपची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते ते विचारा. बॅग फिल्टरच्या पिशव्या शेवटच्या कधी बदलल्या ते स्टोअरमध्ये जाऊन बघा, तिथल्या खरेदीच्या वहीत खोटं कमी असतं. वर दिलेली आकडेमोड माझ्या वहीत सविस्तर आहे. आपल्या कारखान्याचे आकडे घालून बघायचे असतील त्यांनी गर्ल्स हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमकडून वही खुशाल मागून न्यावी. फक्त सबमिशनच्या आठवड्यात मागू नये.